भर दुपारचे तारे

गावात सांडपाण्याची नवी वाहिनी टाकायची ठरली, की रस्त्याच्या कडेला सिमेंटचे मोठाले नळ येऊन पडतात. काम सुरू व्हायला काही महिने जातात आणि तोवर ते नळ मुलांच्या मालकीचे असतात. मुले त्यांत लपतात, आरोळी ठोकून आवाज कसा घुमतो ते पाहतात, उन्हाच्या वेळी आत सावलीला बसतात. शाळेच्या वाटेवर हे दृश्य बहुतेक शिक्षकांनी पाहिलेले असेल. ज्या शिल्पाविषयी येथे लिहायचे आहे ते अशाच नळांचे आहे. फरक इतकाच, की हे नळ जमिनीत पुरण्यासाठी आणलेले नव्हते.

अमेरिकेतील यूटा राज्याच्या वायव्य भागात, ल्यूसिन नावाच्या ओसाड पडलेल्या वस्तीजवळच्या वाळवंटात, नॅन्सी होल्ट (१९३८-२०१४) या शिल्पकर्तीने काँक्रीटचे चार नळ मांडले आहेत. शिल्पाचे नाव ‘सन टनेल्स’, म्हणजे सूर्यबोगदे. १९७४ साली होल्ट यांनी त्यासाठी ४० एकर जमीन विकत घेतली आणि १९७६ साली काम पुरे झाले. प्रत्येक नळ सुमारे १८ फूट लांब, बाहेरून सुमारे ९ फूट आणि आतून ८ फूट व्यासाचा आहे. माणूस आत आरामात उभा राहू शकतो. एकेका नळाचे वजन २२ टन आहे. चारही नळ फुलीच्या आकारात ठेवलेले असून मध्यभागी मोकळी जागा आहे. फुलीच्या एका टोकापासून समोरच्या टोकापर्यंतचे अंतर ८६ फूट भरते.

या नळांमध्ये दोन गोष्टी साधल्या आहेत. पहिली, फुलीच्या दोन रेघा २१ जून आणि २१ डिसेंबर या सुमारास सूर्य जेथे उगवतो व मावळतो त्या दिशांना आहेत. दुसरी, प्रत्येक नळाच्या वरच्या अर्ध्या भागात आरपार भोके पाडली आहेत आणि त्यांची मांडणी एकेका तारकासमूहासारखी आहे. कालेय, ययाति, कपोत आणि मकर असे हे चार समूह. दिवसा या भोकांतून ऊन आत येते आणि नळाच्या तळाशी तारकासमूहाच्या आकृतीचे कवडसे पडतात. चंद्र पुरेसा मोठा असेल त्या रात्री हेच काम चांदणे करते.

विज्ञानाच्या मासिकात शिल्पाची समीक्षा कशासाठी, असे कोणी विचारील. कारण असे, की तारे, आकाशगंगा, ग्रह यांचे चित्र कोठेही दिसले की त्याला ‘विज्ञान आणि कला यांचा संगम’ म्हणण्याची आता पद्धत पडली आहे. शाळांच्या भिंतींवरही असे संगम पुष्कळ रंगवलेले असतात. अशा कलाकृतीत विज्ञान म्हणून काय खरे आहे आणि काय नुसती सजावट आहे, हे कोणीतरी तपासून पाहायला हवे.

आम्ही हे शिल्प प्रत्यक्ष पाहिलेले नाही, हे आधीच सांगितलेले बरे. होल्ट यांनी १९७७ साली ‘आर्टफोरम’ या नियतकालिकात लिहिलेला लेख, त्यांनीच १९७८ साली पूर्ण केलेला माहितीपट, छायाचित्रे आणि मापे यांवर आमचे म्हणणे आधारलेले आहे. ज्या शिल्पात तासन् तास बसून राहावे अशी अपेक्षा आहे, त्याच्याविषयी एवढ्या सामग्रीवर बोलणे अपुरे पडते. ही उणीव भरून काढण्यासाठी आम्ही एक साधा उपाय केला. त्याचा परिणाम असा झाला, की आमचे पहिले मत बदलले. ते पुढे येईलच.

सूर्याचा भाग

प्रथम सूर्याच्या दिशा तपासू. सूर्य कोणत्या दिशेला उगवणार हे त्या दिवसाची सूर्याची क्रांती आणि त्या ठिकाणचे अक्षांश यांवर ठरते. क्रांतीच्या ज्येला (साइनला) अक्षांशाच्या कोटिज्येने (कोसाइनने) भागले, की उत्तर दिशेपासून मोजलेल्या कोनाची कोटिज्या मिळते. २१ जूनला क्रांती २३.४ अंश उत्तर असते आणि या शिल्पाचे अक्षांश ४१.३ अंश उत्तर आहेत. गणित केले की ५८ अंश मिळतात. म्हणजे सूर्य तेथे पूर्वेपासून ३२ अंश उत्तरेकडे उगवतो. २१ डिसेंबरला तो तेवढाच दक्षिणेकडे मावळतो. या दोन दिशा नेमक्या समोरासमोर येतात, म्हणून नळांची एकच जोडी उन्हाळ्यातला सूर्योदय आणि हिवाळ्यातला सूर्यास्त दोन्ही दाखवू शकते. दुसरी जोडी उरलेल्या दोन वेळा सांभाळते.

हेच गणित पुण्यासाठी केले तर पूर्वेपासूनचा कोन ३२ ऐवजी सुमारे २५ अंश येतो. यूटातील फुलीच्या दोन रेघांमधला लहान कोन ६४ अंशांचा आहे, पुण्यात तो ५० अंशांचा ठेवावा लागेल. हे शिल्प उचलून पुण्याच्या एखाद्या शाळेच्या मैदानावर जसेच्या तसे मांडले, तर २१ जूनचा उगवता सूर्य त्यातून दिसणार नाही. पुतळा कोठेही हलवता येतो, पण ही फुली ४१.३ अंश अक्षांशाशी बांधलेली आहे. शिल्पाच्या आकारातच त्याचा पत्ता लिहिलेला आहे, असे म्हटले तरी चालेल.

अर्थात नुसत्या सूत्राने भागत नाही. क्षितिजावर डोंगर असले की सूर्य थोडा उशिरा आणि थोडा दक्षिणेकडे सरकून दिसतो. वातावरणातील वक्रीभवनाचाही परिणाम असतो. होल्ट यांनी आपल्या लेखात या कामाला हातभार लावणाऱ्यांची यादी दिली आहे. तिच्यात खगोलशास्त्रज्ञ, खगोलभौतिकीतज्ज्ञ आणि भूमापक आहेत, तसेच खड्डे खणणारे, नळाच्या कारखान्यातले कामगार, भोके पाडणारे आणि क्रेनचालकही आहेत. शास्त्रज्ञ या यादीत चार लोकांसारखाच एक आहे, ही गोष्ट आम्हांला आवडली.

ही दिशा किती काटेकोर आहे? फुलीच्या एका टोकाला उभे राहून ८६ फुटांवरच्या दुसऱ्या तोंडाकडे पाहिले, तर ते आठ फुटी वर्तुळ आपल्या डोळ्याला सुमारे ५ अंशांचे दिसते. सूर्याचा दृश्य व्यास अर्धा अंश आहे. म्हणजे वर्तुळात एका ओळीत दहा सूर्य मावतील. अयनदिनाच्या आधीचे आणि नंतरचे तीनेक आठवडे सूर्य त्या वर्तुळात कोठे ना कोठे उगवताना दिसेल. मोजमापाचे यंत्र म्हणून हे फारच ढिले आहे.

पण या ढिलेपणातून एक खरी गोष्ट समजते. २१ मार्चच्या सुमारास सूर्योदयाची जागा यूटामध्ये रोज अर्धा अंश, म्हणजे सूर्याच्या एका व्यासाइतकी सरकते. अयनदिनाजवळ तेवढेच सरकायला दहा दिवस लागतात. सूर्य जणू थबकतो आणि मग मागे वळतो. ‘२१ जून हा सर्वांत मोठा दिवस’ हे वाक्य आपण मुलांकडून पाठ करून घेतो. त्यामुळे २० किंवा २२ जूनला काही वेगळे घडत असावे, असा त्यांचा समज होतो. शिल्पातल्या वर्तुळात आठवडाभर जवळजवळ जागेवरच राहणारा सूर्य हा समज दूर करतो. (येथे एक सूचना : सूर्य क्षितिजाजवळ लाल दिसत असला तरी मुलांना त्याच्याकडे टक लावून पाहू देऊ नये. भिंतीवर पडलेला उजेड पाहणे पुरेसे असते.)

ताऱ्यांचा भाग

सूर्याच्या बाजूने शिल्प पास झाले. ताऱ्यांच्या बाजूने मात्र आम्ही लाल पेन्सिल उचलली.

भोके चार मापांची आहेत : ७, ८, ९ आणि १० इंच व्यासाची. तारा जितका तेजस्वी तितके भोक मोठे. आता दहा इंची भोकाचे क्षेत्रफळ सात इंची भोकाच्या जेमतेम दुप्पट भरते, म्हणजे उजेडही दुप्पटच येणार. ताऱ्यांच्या प्रतीचे प्रमाण याहून फार वेगळे आहे. प्रतीत ५ चा फरक म्हणजे तेजस्वितेत १०० पट फरक. कालेय समूहातील सर्वांत तेजस्वी ताऱ्याची प्रत २.२ आहे आणि त्याच समूहातील ठुबनची सुमारे ३.७. या दोघांच्या तेजस्वितेत पावणेचार पटींचा फरक पडतो. तेव्हा भोकांची मापे ही तेजस्वितेची मापे नव्हेत. नकाशात मोठा तारा मोठ्या ठिपक्याने दाखवतात, तशी ती खूण आहे.

दुसरी अडचण ययातीची. या समूहातील अल्गॉल हा प्रसिद्ध रूपविकारी तारा आहे. त्याच्याभोवती फिरणारा मंद जोडीदार दर २ दिवस २१ तासांनी त्याला झाकतो आणि काही तासांपुरते त्याचे तेज तिसऱ्या हिश्श्याहून कमी होते. २.१ प्रतीचा तारा ३.४ प्रतीचा होतो. अशा ताऱ्याला किती इंचांचे भोक पाडायचे? काँक्रीटमध्ये एकदा पाडलेले भोक बदलत नाही.

तिसरी आणि मोठी अडचण अशी : ही भोके खऱ्या ताऱ्यांवर रोखलेली नाहीत, आणि रोखता येणारही नाहीत. आकाश तासाला १५ अंश फिरते. रात्री नळात बसून एखाद्या भोकाकडे पाहिले, तर त्यातून आठ-दहा अंशांचा आकाशाचा तुकडा दिसेल आणि अर्ध्या-पाऊण तासात त्यातले तारे बदललेले असतील. ज्या भोकाला ययातीतल्या ताऱ्याचे नाव, त्यातून कोणताही परका तारा जात राहील. एकच दिशा अशी आहे जिच्यावर काही रोखून ठेवता येते, ती म्हणजे आकाशाचा ध्रुवबिंदू. चार्ल्स रॉस हे शिल्पकार अमेरिकेतच न्यू मेक्सिको राज्यात ‘स्टार ॲक्सिस’ हे प्रचंड शिल्प १९७० च्या दशकापासून उभारीत आले. त्यातला एक बोगदा पृथ्वीच्या अक्षाला समांतर आहे आणि ध्रुवताऱ्याकडे पाहतो. शास्त्रशुद्धतेच्या दृष्टीने ते काम अधिक पक्के आहे.

एवढे लिहून झाल्यावर आमचा निकाल तयार होता. सूर्याचा अर्धा भाग यंत्र, ताऱ्यांचा अर्धा भाग चित्र. यंत्र ढिले आणि चित्र चुकीचे.

पुठ्ठ्याचा नळ

ठरवल्याप्रमाणे प्रत्यक्ष पाहण्याची उणीव भरून काढायची होती. शिक्षकांच्या एका कार्यशाळेत आम्ही या नळाची एक-दशांश प्रतिकृती केली. जाड पुठ्ठ्याची २४ सेंटिमीटर व्यासाची आणि ५५ सेंटिमीटर लांबीची गुंडाळी, तिच्या वरच्या बाजूला १.८ ते २.५ सेंटिमीटर व्यासाची भोके. भोकांची मांडणी ययातीची. ती उन्हात ठेवून सगळे भोवती बसलो.

पहिली गोष्ट एका सरांच्या ध्यानात आली. झाडाखाली पडतात तसे हे कवडसे नव्हते. झाडाच्या पानांमधली फट कशीही वेडीवाकडी असली तरी जमिनीवरचा कवडसा गोल असतो, कारण ती सूर्याची प्रतिमा असते. २६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणात, ढगांनी वाट दिली तेथे, महाराष्ट्रातल्या झाडांखाली चंद्रकोरीच्या आकाराचे कवडसे पडले, ते याच कारणाने. प्रतिमेचा व्यास फटीपासून जमिनीच्या अंतराच्या सुमारे १०७ व्या भागाइतका असतो. खऱ्या शिल्पात भोकापासून तळ जास्तीत जास्त २.४ मीटरवर आहे, म्हणजे सूर्याची प्रतिमा सुमारे २.२ सेंटिमीटरची. भोके १८ ते २५ सेंटिमीटरची. भोक प्रतिमेपेक्षा इतके मोठे असले, की कवडशाला सूर्याचा आकार न येता भोकाचाच येतो, आणि कडेला दोनेक सेंटिमीटरची धूसर किनार राहते. होल्ट यांनी भोके बारीक ठेवली असती, तर प्रत्येक ‘तारा’ हा एका खऱ्या ताऱ्याची, म्हणजे सूर्याची प्रतिमा झाला असता. ही संधी हुकली असे आम्हांला अजूनही वाटते. पण मग कवडसे फार मंद झाले असते आणि चंद्रप्रकाशात तर दिसलेच नसते, हेही खरे.

दुसरी गोष्ट जिल्हा परिषदेच्या शाळेतील एका बाईंनी दाखवली. त्यांनी कवडशांभोवती पेन्सिलीने रेघा मारून ठेवल्या होत्या. दहा मिनिटांनी त्या म्हणाल्या,

“सर, तारे पुढे गेले.”

“तारे नव्हेत, बाई. कवडसे गेले,” आम्ही सवयीने दुरुस्ती केली.

“कवडसेच म्हणा. पण सगळे बरोबर सरकले, एकमेकांना धरून. रात्री आकाशात असेच जातात ना?”

आम्ही उत्तर द्यायला जरा वेळ घेतला. बाईंचे निरीक्षण अचूक होते आणि आमच्या तपासणीत ते आलेच नव्हते. कवडसा सरकतो तो पृथ्वी फिरते म्हणून, आणि तारकासमूह पूर्वेकडून पश्चिमेकडे जातो तोही त्याच कारणाने. दोघांचा वेग एकच, तासाला १५ अंश. भोकांची मापे खोटी असतील, मांडणी नकाशावरून उतरवलेली असेल, पण नळाच्या तळावर ती आकृती ज्या गतीने चालते ती गती आकाशाची आहे. ती गती कोणी आखलेली नाही, यंत्र लावून दिलेली नाही. आपल्या वर्गातल्या तारकानकाशात याच्या उलट असते. तेथे आकार बिनचूक असतो आणि हालचाल नसतेच. मुले सप्तर्षी ओळखायला शिकतात, पण ते रात्रभरात कोठून कोठे जातात हे विचारले तर गप्प होतात.

यावरून शिल्पाच्या भव्यतेचा प्रश्नही आमच्यापुरता सुटला. २२ टनांचे नळ वाळवंटात नेऊन ठेवणे हा आम्हांला आधी नुसता डामडौल वाटला होता. पण गणित पाहा. आमच्या पुठ्ठ्याच्या नळात कवडसा मिनिटाला सुमारे १ मिलिमीटर सरकत होता. दहा मिनिटे थांबून, पेन्सिलीची रेघ पाहूनच ते कळले. खऱ्या शिल्पात तो मिनिटाला सुमारे १ सेंटिमीटर सरकतो. शांत बसलेल्या माणसाला ही हालचाल डोळ्यांदेखत जाणवते. जयपूरच्या जंतरमंतरमधील मोठ्या सम्राट यंत्रावर सावली मिनिटाला सुमारे ६ सेंटिमीटर चालते. सवाई जयसिंगाने ते यंत्र एवढे मोठे बांधले ते वेळ सूक्ष्मपणे मोजता यावी म्हणून. होल्ट यांना वेळ मोजायची नव्हती. माणसाने थांबावे आणि थांबल्याचे त्याला फळ मिळावे, एवढा मोठा नळ त्यांना पुरेसा होता. आठ फूट हे माप माणसाच्या उंचीशी जुळते आणि त्याच्या धीराशीही.

कोणते चार समूह?

आता तारकासमूहांच्या निवडीकडे पुन्हा पाहावेसे वाटले. वेगवेगळ्या प्रतींचे तारे असलेले समूह हवेत, असे एक कारण शिल्पकर्तीने दिले आहे. पण ४१.३ अंश अक्षांशावरून हे चार समूह कसे दिसतात ते काढले, तर निवड अधिक अर्थपूर्ण ठरते. कालेय तेथे कधीच मावळत नाही. ययाति जवळजवळ डोक्यावरून जातो. अल्गॉलची क्रांती सुमारे ४१ अंश असल्याने तो तर खस्वस्तिकाच्या अर्ध्या अंशाच्या आत येतो. मकर हा राशिचक्रातला, सूर्याच्या वाटेवरचा समूह. आणि कपोत दक्षिण क्षितिजावर जेमतेम १४-१५ अंश वर येऊन मावळतो. चार नळांत मिळून त्या जागेचे आकाश उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत येते.

आपल्याकडून हेच चार समूह वेगळे दिसतात. पुण्याहून कालेयचे बहुतेक तारे मावळतात. कपोत मात्र फेब्रुवारीच्या संध्याकाळी मृग नक्षत्राच्या खाली, शशकाच्या दक्षिणेला, चांगला ३७ अंशांपर्यंत चढतो. म्हणजे ताऱ्यांच्या बाजूनेही हे शिल्प त्या गावचेच आहे. आमच्या पहिल्या तपासणीत हे सुटले होते.

मकर समूहामुळे आणखी एक विषय निघतो, तो आपल्या अगदी ओळखीचा आहे. दोनेक हजार वर्षांपूर्वी सूर्य दक्षिणेच्या टोकाला पोचायचा तेव्हा तो मकर राशीत असे, म्हणून त्या अक्षवृत्ताला मकरवृत्त नाव पडले. संपातचलनामुळे आज २१-२२ डिसेंबरला सूर्य धनू राशीत असतो. आपली मकरसंक्रांत १४-१५ जानेवारीला येते, उत्तरायण मात्र तिच्या तीन आठवड्यांहून अधिक आधी सुरू झालेले असते. याच चलनामुळे कालेयमधला ठुबन हा सुमारे ४८०० वर्षांपूर्वी ध्रुवतारा होता. शिल्पात हिवाळी अयनदिनाची खरी दिशा आणि मकरेची जुनी आकृती दोन्ही आहेत, आणि त्यांचा मेळ आता बसत नाही. होल्ट यांच्या मनात हे होते की नाही, याने फरक पडत नाही. ताऱ्यांची सांगड बदलते, सूर्योदयाची दिशा मात्र टिकते. पृथ्वीच्या अक्षाचा कल फार हळू बदलतो, त्यामुळे हजार वर्षांनंतरही या नळांची दिशा सूर्याच्या अर्ध्या व्यासाइतकीदेखील चुकणार नाही.

मग आमचे मत काय? शिल्पाचे ताऱ्यांचे चित्र शास्त्रीय नाही, हे आम्ही मागे घेत नाही. ज्याला प्रत, क्रांती, ध्रुवबिंदू शिकवायचे आहेत त्याने दुसरी साधने घ्यावीत. पण शिल्प जे सांगते ते आकृतीने सांगता येत नाही. ऊन असताना तारे दिसत नाहीत, कारण एक तारा फार जवळ आहे. त्याच ताऱ्याच्या उजेडात दुसऱ्या ताऱ्यांची आकृती पायाशी येते आणि आकाशाच्या गतीने चालते. हे कळायला माणसाला बसावे लागते. विज्ञानशिक्षणात आपण माहिती पुष्कळ देतो, बसायला मात्र वेळ देत नाही, ही उणीव आमच्याही व्याख्यानांत आहे.

तरी एक इशारा द्यावासा वाटतो. हे वाचून कोणा संस्थेने शाळेच्या आवारात सिमेंटचे नळ उभे करू नयेत. अंश न मोजता मांडलेली फुली म्हणजे पुन्हा सजावटच. त्यापेक्षा मैदानावर पूर्वेपासून उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे २५-२५ अंशांवर दोन खुंट्या रोवाव्यात. शिवाय यूटाला जे कधीच मिळत नाही ते आपल्याला मिळते. तेथे सूर्य ७२ अंशांच्या वर चढत नाही. महाराष्ट्रात तो मे महिन्यात एकदा आणि जुलै-ऑगस्टमध्ये एकदा बरोबर माथ्यावर येतो. त्या शून्य सावलीच्या दिवशी छताच्या भोकातला कवडसा सरळ ओळंब्याच्या रेषेत खाली पडतो.

रात्रीच्या आकाशाचा प्रश्न याहून अवघड आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीनुसार मानवजातीच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक लोकांना राहत्या ठिकाणाहून आकाशगंगा दिसत नाही. २०२४ साली महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, ही चांगली गोष्ट झाली. पण शहरातल्या मुलांना ते दूर आहे. त्यांच्या वाट्याला दिवसाचा तारा तरी पुरता यावा.

कार्यशाळेतल्या त्या बाईंचा नंतर फोन आला. त्यांच्या वर्गाच्या पत्र्याला खिळ्याचे एक जुने भोक आहे. जानेवारीपासून मुले शाळेच्या दिवशी बरोबर साडेबाराला कवडशावर खडूची खूण करीत होती. छत तीन मीटर उंच असेल, तर जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत मध्यान्हीचा कवडसा सुमारे दोन मीटर दक्षिणेकडे येतो. मुलांच्या खुणा फळ्याजवळून निघून तिसऱ्या रांगेपर्यंत आल्या होत्या. भोक बारीक असल्याने कवडसा सूर्याचाच आकार घेऊन पडत होता, म्हणजे होल्ट यांनी जे केले नाही ते येथे आपोआप झाले होते. जूनमध्ये त्याच भोकातून पाणी गळू लागले आणि मुख्याध्यापकांनी डांबर लावायला माणूस बोलावला. मुलांनी अर्ज दिला, की भोक बुजवू नये, खाली बादली आम्ही ठेवू.

अर्ज मंजूर झाला, असे बाई म्हणाल्या. बादली सध्या तिसऱ्या रांगेजवळ आहे.